इंटरनॅशनल शाळेचा प्रमुख इथला हवा की बाहेरचा?

खाडीकाठ, रत्नागिरी
आमच्या भागातल्या एका इंटरनॅशनल शाळेत यंदा पुन्हा नवे प्रिन्सिपल आले. करार दोन वर्षांचा. तो संपला की पुणे, नाहीतर दुबई. प्रत्येक जण नवी पद्धत आणतो आणि ती रुळायच्या आत निघून जातो. आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या संस्थेकडून शाळेचं पुनर्मूल्यांकन पाच वर्षांनी होतं, त्याला उत्तर कोण देणार?

माझ्या मते प्रमुख इथल्या शिक्षकांतून तयार झालेला, मराठी बोलणारा आणि टिकणारा हवा. पर्यावरणाच्या प्रकल्पात मुलांना अ‍ॅमेझॉनच्या जंगलाची फिल्म दाखवली. शाळेच्या कुंपणामागे कांदळवन आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या, खलाशी जाळी दुरुस्त करत बसलेले. त्यांच्याशी बोलायला मुलांना नेणं एकाही प्रिन्सिपलला सुचलं नाही.

माजी कोऑर्डिनेटर, अलिबाग
अजिबात पटत नाही. ‘इथला’ म्हणजे बहुतेकदा संस्थाचालकांच्या मर्जीतला. आमच्याकडे बाहेरून आलेल्या एक मॅडम होत्या. सकाळी कुठल्या तरी वर्गात मागच्या बाकावर बसायच्या आणि वहीत फक्त मुलांनी विचारलेले प्रश्न लिहायच्या. दुपारी ती वही त्या शिक्षिकेसमोर ठेवायच्या. कधी पानावर दोनच प्रश्न असायचे. त्यावर अर्धा तास बोलणं व्हायचं, आवाज न चढवता. आमचं शिकवणं त्या वहीने बदललं. गावात पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध असले की असं तोंडावर सांगताना जीभ अडते. शिवाय आयबी 1968 मध्ये जिनिव्हात सुरू झालं तेच देशोदेशी बदली होणाऱ्यांच्या मुलांसाठी. जग पाहिलेला माणूस तिथे लागतोच.

खाडीकाठ
इथली मुलं फिरतीवरची नाहीत. त्यांच्या घरच्यांच्या आंब्याच्या बागा आहेत, हॉटेलं आहेत, बोटी आहेत. आणि मॅडम गेल्यावर ती वही कोणी चालू ठेवली?

माजी कोऑर्डिनेटर
कोणीच नाही. पण तो दोष मॅडमचा नाही, संस्थेचा.

देवगडकर
ह्या माका पटणा नाय. तुम्ही दोघंही खुर्चीत कोण बसतो यावर भांडताय, पण पगार, नेमणुका, सगळं ट्रस्टच्या हातात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, पण विनाअनुदानित खाजगी शाळांना ती समितीच बंधनकारक नाही. 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती आली, पण तिचं मुख्य काम फीपुरतं. हात बांधलेला प्रिन्सिपल कुठलाही आणा, काय करणार?

जि. प. शिक्षिका, गुहागर
थोडं वेगळं बोलते. राज्याने स्वतःचं आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं, आमच्यासारख्या काही जिल्हा परिषद शाळा त्यात घेतल्या आणि 2020 मध्ये मंडळच गुंडाळलं. धोरण मध्येच सोडलं की वर्गातल्या मुलांना काय सांगायचं, हा प्रश्न शिक्षकावर येतो. म्हणून टिकण्याचा मुद्दा मला पटतो.

पण इथला माणूस असला म्हणजे झालं असंही नाही. 2020 च्याच कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. तरी माझी मैत्रीण जिथे मराठी शिकवते, तिथे प्रकल्पाचं नियोजन ठरून गेल्यावर तिच्या हातात कागद येतो, आणि तिथले प्रिन्सिपल चिपळूणचेच आहेत. मराठीच्या बाईंना पहिल्या बैठकीपासून बसवणारा प्रमुख मला चालेल, कुठलाही असो.

माजी कोऑर्डिनेटर
माणूस टिकावा म्हणून दोनऐवजी पाच वर्षांचा करार करा, तेवढं मान्य. पण नेमणूक उघड जाहिरात देऊन, आणि मुलाखतीला संस्थेबाहेरचा शिक्षणतज्ज्ञ. एवढं लेखी असेल तर माणूस राजापूरचा असो की नैरोबीचा.

खाडीकाठ
जाहिरात आणि मुलाखत, दोन्ही मान्य. मराठीची अट मी सोडणार नाही. पालकसभा इंग्रजीत चालते तेव्हा मागच्या रांगेतल्या आया एक शब्द बोलत नाहीत, आणि सभा संपल्यावर फाटकाशी शिपाईमामांना विचारतात, काय ठरलं म्हणून.