मदत हवी आहे: लॉक्ड-इन पेशंटसाठी मराठी अक्षरतक्ता

नमस्कार. आम्ही नौपाड्यात, ठाण्यात राहतो. बाबांना ब्रेनस्टेमचा (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाचा) स्ट्रोक झाला. हातपाय, चेहरा, जीभ काहीच हलत नाही. डोळे फक्त वर-खाली होतात आणि पापणी मिटते. न्यूरोलॉजिस्टनी लॉक्ड-इन सिंड्रोम असल्याचं सांगितलंय.

भेटायला येणारे मात्र ते कोमात आहेत असं धरून चालतात आणि उशाशीच "आता काही खरं नाही" म्हणतात. फार त्रास होतो हो. बाबांना सगळं ऐकू येतं, कळतं. इजा पॉन्सच्या, म्हणजे ब्रेनस्टेमच्या मधल्या भागाच्या, पुढच्या बाजूला आहे. हातापायांना आणि चेहऱ्याला मेंदूचे हुकूम पोचवणारे तंतू तिथून जातात. माणसाला जागं ठेवणारं रेटिक्युलर फॉर्मेशन त्याच्या मागे असतं, मेड्युलापासून (ब्रेनस्टेमचा खालचा भाग) मिडब्रेनपर्यंत (वरचा भाग) पसरलेलं चेतापेशींचं जाळं. मोरुझ्झी आणि मॅगून या शास्त्रज्ञांनी १९४९ साली मांजरांवर प्रयोग केले होते. हा भाग विजेने चेतवला की झोपेतल्यासारखा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) जागेपणीसारखा व्हायचा. बाबांचा तो भाग वाचलाय. डोळे आडवे फिरवण्याचं केंद्र पॉन्समध्ये, ते गेलं. वर-खाली करण्याचं मिडब्रेनमध्ये, ते शाबूत आहे.

आता मूळ प्रश्न. मी पुठ्ठ्यावर वर्गांप्रमाणे ओळी लिहिल्यात. आधी ओळ विचारते, मग अक्षर, मग काना-मात्रा. "हो"साठी ते वर बघतात. काल प, अनुस्वार, ख इथपर्यंत आलो आणि आई उठून पंखा कमी करायला गेली. बाबांनी लगेच वर बघितलं.

पण जोडाक्षर आलं की गाडी अडते, आणि पाच-सहा अक्षरांत त्यांची पापणी जड होते. जास्त वापरातली अक्षरं आधी घेऊन कुणी मराठी तक्ता बनवलाय का? जोडाक्षरं सरळ सोडून द्यावीत का? नेहमीच्या गरजांचा वेगळा तक्ता ठेवावा का (कूस बदला, कफ काढा, दुखतंय)? दिवसा झोप आणि रात्रभर टक्क जागे, असंही झालंय. तुमच्याकडे ही घडी कशी बसली?

ठाणे, कळवा किंवा ऐरोलीकडे घरी येणारे, मराठी बोलणारे स्पीच थेरपिस्ट माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुढच्या आठवड्यात बाबांना घरी आणतोय, त्याआधी तक्ता तयार हवा आहे.