मदत हवी आहे: ८० टक्के काम एकाच कंपनीचं, आणि तीच म्हणतेय आणखी दोन मशीन घ्या

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. चार सीएनसी (संगणकावर चालणारी लेथ), तीन व्हीएमसी (तशीच उभी मिलिंग मशीन), १९ माणसं. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कंपनी पाठवते, आम्ही मशिनिंग करून परत देतो, म्हणजे निव्वळ जॉबवर्क. वर्षाचं बिलिंग १ कोटी ६० लाखांच्या आसपास. त्यातलं ८० टक्के एकाच कंपनीचं. वडिलांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक, माणसं चांगली, फक्त पैसे ९० दिवसांच्या आत कधी आले नाहीत.

गेल्या महिन्यात त्यांच्या व्हेंडर डेव्हलपमेंटच्या (आमच्यासारखे पुरवठादार सांभाळणाऱ्या खात्याच्या) साहेबांनी बोलावून चहा पाजला. (बिलाचं विचारायला गेलो की चहा नसतो.) म्हणाले, नवीन पार्ट येतोय, आणखी दोन व्हीएमसी टाका, काम कमी पडू देणार नाही. लेखी काही देता का विचारलं, तर हसले.

हिशोब मांडतो. दोन मशीन, फिक्स्चर (पार्ट मशीनवर धरून ठेवणारी चौकट), टूलिंग (कापायची हत्यारं) धरून ८० लाखांचं कर्ज. पाच वर्षांसाठी हप्ता महिना १ लाख ७० हजार. तासाचा रेट ४५०. महिन्याला मशीनमागे ५०० तास धरले तर दोन मशीनचे साडेचार लाख. ऑपरेटर, वीज, टूल्स वजा जाता सव्वादोन लाख उरतात. म्हणजे फुल लोडला सगळं छान. पण काम पाऊणपट आलं, की ऑपरेटरचा पगार तेवढाच राहतो आणि हप्त्याला घरातून घालायची वेळ येते.

पाऊणपट ही काही कल्पना नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर शेड्यूल एकदम निम्म्यावर आलं. फ्लायव्हील हाउसिंगचे (इंजिनाच्या चक्रावरचं कव्हर) तयार अकराशे नग तीन आठवडे शेडमध्ये पडून होते. सकाळी शटर उघडलं की पहिलं दर्शन त्यांचंच. गंज चढू नये म्हणून पोरं ब्रशनं तेल मारत बसायची. पगार मात्र सात तारखेला द्यावाच लागला.

दुसरा रस्ता असा. मशीन न घेता १५-२० लाखांत इन्स्पेक्शन सुधारायचं, एक चांगला क्वालिटीचा माणूस ठेवायचा, आयएटीएफ (वाहन उद्योगाचं क्वालिटीचं) सर्टिफिकेट करून घ्यायचं आणि बाहेरची कामं आणायची. सांगलीकडच्या एका शेती अवजारवाल्यानं सँपल पास केलंय. पण त्याचा लॉट दोनशे नगांचा. सेटिंग बदलण्यात दोन तास जातात, तेवढा वेळ मशीन गप्प उभं.

वडील म्हणतात, मशीन आलं की काम आपोआप येतं. त्यांचं आयुष्य तसंच गेलंय. पण तेच सांगतात, की ते पोरगे होते तेव्हा उद्यमनगरात गल्लोगल्ली ऑइल इंजिनं बनायची. विहिरींवर विजेचे पंप आले आणि तो धंदा बसला. ज्यांनी वेळेत गाड्यांच्या कास्टिंगकडे मोर्चा वळवला ते तरले. आता विजेच्या गाड्या आल्यात आणि आमचे बहुतेक पार्ट इंजिनाचे आहेत. रात्री झोप लागत नाही ती यानं.

तर जाणकारांनी सांगावं: आधी मशीन की आधी गिऱ्हाईक?

---

प्रतिसाद १

भाऊ, मी बावीस वर्षं परचेसमध्ये काढली, टेबलाच्या त्या बाजूला. साहेबाचा शब्द खोटा नसतो, पण साहेबाची बदली होते. लेखी व्हॉल्यूम कोणी देत नाही, तो हट्ट सोडा. त्याऐवजी फिक्स्चर आणि टूलिंगचे पैसे कंपनीकडून मागा. ज्याचे पैसे अडकतात तो काम सहजासहजी हलवत नाही. आणि एकच मशीन घ्या, तेही साधं व्हीएमसी. त्या पार्टपुरतं स्पेशल काही घेऊ नका, उद्या दुसऱ्याचं काम बसलं पाहिजे.

पैशांचं म्हणाल तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर देईपर्यंत तो खर्च आयकरात धरता येत नाही, हा नियम २०२४ पासून लागू आहे. भांडायला जाऊ नका, प्रत्येक बिलावर नोंदणी क्रमांक छापा. अकाउंट्सवाले मार्चमध्ये स्वतः फोन करतात.

प्रतिसाद २

२५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर (छोट्या उद्योगांच्या बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था) नोंदणी सक्तीची आहे. तुमचं गिऱ्हाईक त्यात बसत असेल तर बिल तिथं चढवा. त्यांनी मान्य केलं की बँका बोली लावतात, थोडं व्याज कापून पैसे लगेच मिळतात, आणि कंपनीनं बुडवले तरी बँक तुमच्याकडे वसुलीला येत नाही. अडचण एकच, मान्य करायला त्यांच्याकडचा माणूस हलला पाहिजे.

बाकी इंजिन जाईल, ब्रेक ड्रम आणि हब (चाकाचा मधला भाग) जाणार नाहीत. गाडी बॅटरीवर पळाली तरी थांबायला लागतंच की.

---

धागाकर्ता

दोघांचेही आभार. बिलावर क्रमांक छापायचं खरंच सुचलं नव्हतं, आजच सीएला फोन केला. फिक्स्चरचं पत्र सोमवारी देतोय, बघू चहा मिळतो का.

एक राहिलं. हब-ड्रमसाठी टर्निंग (लेथवरचं काम) जास्त लागतं, आणि आमच्या चारही सीएनसीचा चक (पार्ट पकडणारा जबडा) आठ इंची. ड्रमला तो पुरणार नाही. नुसत्या हबवर सुरुवात करून कोणी पुढे गेलंय का? लॉट साधारण किती नगांचा मिळतो?