फनलँडचे दिवे पुन्हा लागलेत (अनुभव धागा)

निशाचर:
परवा झोप येईना म्हणून 'स्कूबी-डू, व्हेअर आर यू!' या कार्टून मालिकेचा एक जुना भाग लावला, 'फाउल प्ले इन फनलँड'. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १ नोव्हेंबर १९६९ ला पहिल्यांदा दाखवलेला. चौघं पोरं (त्यांतच फ्रेड आणि शॅगी) आणि त्यांचा कुत्रा स्कूबी रात्री समुद्रकिनारी शिंपल्या उकरत असतात आणि लांबवर फनलँड या बंद असलेल्या करमणूक बागेत लख्ख दिवे लागलेले दिसतात. आकाशपाळणा फिरतोय, मेरी-गो-राउंड चालू आहे आणि माणूस एकही नाही.

लहानपणी मी हा भाग उशीआडून पाहिला होता. कारण आत्ता कळलं. स्कूबीच्या भुतांचा आपल्याशी एक अलिखित करार असतो: शेवटी मुखवटा ओढला जाणार आणि आतून कुणीतरी लोभी मॅनेजर निघणार. इथल्या भुताला, चार्लीला, मुखवटाच नाही! तो खरोखरीचा यंत्रमानव. मी शेवटपर्यंत वाट बघत बसलो होतो की आता आतून माणूस निघेल, मग निघेल. नाहीच निघाला, आणि ती रात्र वाईट गेली.

तुमच्यापैकी कुणी हा भाग मोठेपणी परत पाहिलाय का? तेव्हा कशाने टरकला होतात आणि आता काय वाटलं, लिहा. समुद्रकाठच्या अशा बागा प्रत्यक्ष पाहिलेल्यांनीही लिहा. शेवट फुटेल याची काळजी नको, पन्नास वर्षं उलटून गेलीत.

मधला बाक:
मला शेवट माहीतच नाही. ऐन पाठलागात आमच्याकडची वीज गेली होती. परत आली तोवर दुसरंच कार्टून लागलेलं. त्यामुळे माझ्या लेखी चार्ली अजून त्या बागेत मोकाट आहे. वरचं वाचून अर्धवट कळलं, बाकीचं रात्री बघतो.

डेनची आई:
घरात खरा ग्रेट डेन (स्कूबीचीच जात) आल्यावर मी ही मालिका पुन्हा पाहिली आणि पहिल्याच भागात नवऱ्याला म्हटलं, अहो, हा डेन नाहीच. आमच्याची पाठ सरळ, पाय सरळ, जबडा कापून काढल्यासारखा. स्कूबीची पाठ उतरती, पाय फेंगडे आणि हनुवटी दुहेरी. नंतर कळलं की हे मुद्दाम होतं. मालिका बनवणाऱ्या हॅना-बार्बेरा स्टुडिओचे चित्रकार इवाओ ताकामोटो यांनी डेन पाळणाऱ्या एका सहकारी बाईंकडून उत्तम कुत्र्याची लक्षणं समजून घेतली आणि मग बरोबर उलटं चित्र काढलं.

घाबरण्याच्या बाबतीत मात्र त्यांनी नेमकं पकडलंय. आमचं हे धूड फुगा फुटला तरी माझ्या मांडीवर येऊन बसतं.

पेन्सिल २बी:
मी अ‍ॅनिमेशनमध्ये आहे, त्यामुळे मला ही मालिका आता साधेपणी बघताच येत नाही. तरी एक गंमत सांगतो. लहानपणी मला आधीच कळायचं की आता हाच दरवाजा उघडणार किंवा हीच खुर्ची हलणार. भाऊ म्हणायचा, तू आधी पाहिलेला दिसतोय. पाहिलेला नसायचा. मागचं दृश्य कागदावर छटा देऊन रंगवलेलं असायचं आणि जी वस्तू हलणार ती वेगळ्या पारदर्शक फिल्मवर, सपाट रंगात. त्यामुळे ती वस्तू सगळ्यांत उठून दिसते, जणू आधीच हात वर करून बसलेली. फ्रेडच्या गळ्यातला स्कार्फ, स्कूबीचा पट्टा हे सगळं फॅशनसाठी नाही. मानेपाशी सांधा लपवला की धड तसंच ठेवून नुसतं डोकं हलवता येतं. पैसे वाचतात.

पण याच काटकसरीने फनलँडचं भलं केलंय. गर्दी काढायला चित्रं लागतात, रिकामी बाग स्वस्तात पडते. त्या रिकामपणाचीच तर भीती वाटते! अर्थात हा माझा तर्क. तेव्हा त्यांच्या डोक्यात नुसता हिशेबही असेल.

टॉर्चवाली:
मी रात्री कानात हेडफोन घालून पाहिला आणि वेगळ्याच गोष्टीने दचकले. हशा. शॅगी घसरला, हशा. स्कूबी दात वाजवत पळाला, हशा. टीव्हीवर लहानपणी जाणवलं नव्हतं, पण हेडफोनमध्ये तो हशा अगदी कानामागून येतो. बागेत चिटपाखरू नाही, मग हे हसतंय कोण?

अमेरिकन टीव्हीवरचा असा डबाबंद हशा रूढ केला चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनी अभियंत्याने, १९५० च्या दशकात. बटणं दाबून वाजवायची पेटीच होती त्याच्याकडे. म्हणजे या भागात माणसांऐवजी काम करणारी दोन यंत्रं आहेत आणि त्यातल्या एकालाच पकडलंय.

ऑटोपायलट:
@टॉर्चवाली, रात्री असलं लिहू नका हो.

मला बोलायचंय साराबद्दल. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: मि. जेंकिन्सनी बाग चालवायला चार्ली बनवलेला असतो आणि यंत्राने मुलांना खेळवायचं हे त्यांच्या बहिणीला, साराला, पटत नाही, म्हणून ती त्याला बिघडवते. आठव्या वर्षी मी तिच्यावर चिडलो होतो, एवढा भारी रोबो आणि ही बाई आडवी येते! आता मी कारखान्यांत स्वयंचलित यंत्रं बसवतो. मागे एका ठिकाणी पॅकिंगच्या लाइनवर नवं यंत्र सुरू केलं आणि पहिल्याच आठवड्यात ते तीनदा बंद पडलं. तिन्ही वेळा सेन्सरवर चिकटपट्टीचा तुकडा होता, नखाएवढा, नीट कापून लावलेला. त्या लाइनवर अनेक वर्षं काम केलेल्या एक बाई बाजूला उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मी तुकडा काढला, खिशात टाकला, अहवालात 'सेन्सरवर धूळ' असं लिहिलं. परवा हा भाग पाहताना सारा पडद्यावर आली आणि मला त्याच बाई दिसल्या.

निशाचर:
@ऑटोपायलट, पण सारानेच बिघडवल्यावर तो लोकांच्या मागे लागतो ना? पोरांना इजा झाली असती तर? मला तिचा मुद्दा पटतो, रीत नाही पटत.

ऑटोपायलट:
इजा होणारच नव्हती. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत मुलांच्या कार्टूनमधल्या मारामारीवरून पालकांनी बरीच ओरड केली होती. त्यानंतर सीबीएसला शनिवार सकाळसाठी मवाळ काहीतरी हवं होतं, त्यातून ही मालिका आली. आधी ती 'हूज स्स्स्केअर्ड?' या नावाने मांडली होती, पण तिची चित्रं फार भीतिदायक वाटली म्हणून नाकारली गेली. चार्ली नुसता धावतो आणि वस्तू फोडतो. बाकी तुमचं म्हणणं मान्य.

खारा वारा:
मी कॅलिफोर्नियात राहते, म्हणून प्रत्यक्ष पाहिलेलं लिहिते. सांताक्रूझला समुद्राला लागूनच बोर्डवॉक आहे, १९०७ पासूनचा. तिथला जायंट डिपर हा लाकडी रोलर कोस्टर १९२४ चा. आम्ही गेलो ते डिसेंबरात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, राइड्स बंद असताना. पाळण्यांवर आवरणं, तिकीटखिडक्यांना फळ्या, वाळू उडून दारांच्या फटीत साचलेली. डिपरच्या लाकडात वारा शिरला की करकर असा आवाज यायचा आणि एकही डबा हलत नव्हता. मुलगा म्हणाला, आई, चालू झाला बघ. मी त्याचा हात धरून सरळ पार्किंगकडे निघाले. दुपारचे बारा वाजले होते, हे इथे कबूल करते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. लाँग बीचला 'द पाइक' नावाची समुद्रकाठची जुनी बाग होती, आणि तिच्यात 'लाफ इन द डार्क' ही अंधारातून नेणारी भुताटकीची राइड. डिसेंबर १९७६ मध्ये तिथे 'द सिक्स मिलियन डॉलर मॅन' या मालिकेचं चित्रीकरण होतं. फासाला लटकवलेला, चमकत्या रंगाने रंगवलेला एक पुतळा मध्ये येत होता, म्हणून एकाने तो हलवायला घेतला. हात निखळला, आणि आत हाड दिसलं.

तो पुतळा नव्हताच. एल्मर मॅककर्डी नावाच्या, १९११ मध्ये ओक्लाहोमात पोलिसांच्या तुकडीच्या गोळीने मेलेल्या दरोडेखोराचं शव होतं. त्याच्या शेवटच्या रेल्वे दरोड्याची कमाई ४६ डॉलर आणि थोडी व्हिस्की. प्रेत घ्यायला कुणी आलं नाही, म्हणून अंत्यसंस्कार करणाऱ्याने आर्सेनिक भरून ते टिकवलं आणि पैसे घेऊन दाखवायला सुरुवात केली. पुढे जत्रावाल्यांनी नातेवाईक असल्याची बतावणी करून ते नेलं. मग ते हातोहात फिरत राहिलं आणि हा माणूस आहे हेच लोक विसरले. तपासणीत त्याच्या तोंडात १९२४ सालचं एक पेनीचं नाणं आणि तिकिटांचे तुकडे सापडले. एप्रिल १९७७ मध्ये ओक्लाहोमातल्या गथ्री गावी त्याला पुरलं आणि पुन्हा कुणी उकरू नये म्हणून वरून काँक्रीट ओतलं.

डब्यात बसून त्याच्याखालून कितीजण किंचाळत आणि हसत गेले असतील! स्कूबीत मुखवट्याखाली माणूस निघतो, तसाच इथेही निघाला. फक्त साठ-पासष्ट वर्षं उशिरा.

डेनची आई:
बापरे. मी आता कुठल्याही भूतबंगल्यात शिरणार नाही. मागे एकदा मी तसल्या सांगाड्याशी हस्तांदोलन केलं होतं.

टॉर्चवाली:
जरा हलकं करते. शॅगीचा मूळ आवाज केसी कासेम यांचा. स्वतः कट्टर शाकाहारी. १९९५ मध्ये एका बर्गरच्या जाहिरातीवरून त्यांनी शॅगीचं काम सोडलं आणि २००२ मध्ये परतले ते शॅगीला शाकाहारी करायच्या अटीवर. आणि या भागाच्या सुरुवातीलाच शॅगी शिंपल्या उकरतोय! पूर्वाश्रमीचं पाप.

मधला बाक:
पाहिला आत्ता. मुखवटा नाही हे तुमच्यामुळे आधीच माहीत होतं, तरी शेवटी कुणीतरी त्याचं डोकं उचलेल असं वाटतच राहिलं. पाठलाग सुरू झाल्यावर नकळत दिव्याच्या बटणाकडे बघितलं. या वेळी वीज गेली नाही.