'सेट'ला ४३० अर्थ, म्हणून मराठी भिकारी?

उसातला_कोल्हा:
काल आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका दोस्तानं पोस्ट टाकली, की इंग्रजीत 'सेट' ह्या एका शब्दाला ४३० अर्थ आहेत, मराठीत असला एक शब्द दाखवा, भिकारी भाषा आहे, पोरांना गपगुमान इंग्लिश मीडियमला घाला. खाली पंचवीस अंगठे. रात्री झोप लागली नाही. आता ही 'झोप लागली' बघ भावा. भूक लागते, ठेच लागते, आमटी खारट लागते, नोकरीला वशिला लागतो, दहावीचा निकाल लागतो, ऊन लागतं, नाद लागतो, लग्न लागतं आणि तो तुझा कोण लागतो ते वेगळंच. ह्यातला कुठला 'लाग' कुठल्या 'लाग'सारखा आहे? आपण कोल्हापूरकरांनी तर 'जेवायला लागलोय'चं 'जेवालोय' करून अख्खा लाग गिळून टाकलाय. मोजायला कोण बसलं नाही एवढंच. आणि तुझे ते ४३० ऑक्सफर्ड डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीतले. नंतर 'रन'च्या नुसत्या क्रियापदाचे ६४५ निघाले, म्हणजे सेटचा पहिला नंबर पण गेला.

रंकाळा_राउंड:
पोस्ट माझीच आहे, नाव न घेता बोललास तरी सगळ्यांना कळलंय. लागणं हे नुसतं क्रियापद. सेट हे नाम पण आहे, क्रियापद पण, विशेषण पण. टेनिसचा सेट, टीव्ही सेट, सिनेमाचा सेट, सूर्य सेट होतो, जेली सेट होते. आणि तू स्वतः परवा म्हणालास, मोटरचा टायमर सेट केला. मराठी एवढी पुरते तर म्हणायचं होतंस 'लावला'.

उसातला_कोल्हा:
'लावला'च म्हणालो होतो. तुला ऐकायला सेट आलं.

सेट_पास_तासिका:
आमच्यासाठी सेटचा अर्थ एकच, कॉलेजात प्राध्यापक व्हायची ती पात्रता परीक्षा. पास होऊन सात वर्षं झाली, अजून तासिका तत्त्वावर आहे, मे महिन्यात पगार शून्य. दोन वर्षांमागं मुलगी बघायला गेलो, तिच्या मामांनी विचारलं, मुलगा सेट आहे का? मी छाती काढून म्हणालो, पहिल्याच प्रयत्नात झालो. त्यांना वाटलं कायम नोकरी. पोहे झाले, चहा झाला, पत्रिका पण जुळली, मग पगाराचा आकडा विचारला. ४३० अर्थ असतील, पण त्या घरात एकच चालत होता.

गुजरीतला_सोनार:
सेट शब्दानं डोकं उठवलंय. रोज गिऱ्हाईक येतं, 'साजाचा सेट दाखवा'. अरे गळ्यातला कोल्हापुरी साज म्हणजे साज! त्यात २१ पानं, म्हणजे पदकं असतात, दशावताराची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक-पाचूची दोन आणि एक डोरलं. त्याला सेट म्हणणं म्हणजे अंबाबाईला मॅडम म्हणल्यासारखं.

शिरोळची_आक्का:
२१ च असतात असं काय नाही. माझ्या सासूबाईंच्या साजात १५ आहेत.

गुजरीतला_सोनार:
मग तो पुरा साज नव्हं, आक्का. कमी पानांचा करून देतात, पण पुरा म्हणजे २१.

शिरोळची_आक्का:
पुरा नव्हं? माझ्या सासऱ्यांनी उसाचं बिल आलं की दोन दोन पानं वाढवत केलेला साज आहे तो. २०१९ च्या पुरात पाणी सोप्यात आलं तवा सासूबाई औषधं विसरल्या पण ती डबी पोटाशी धरून बोटीत बसल्या. तुम्ही दुकानात पंख्याखाली बसून आम्हाला पानं मोजायला शिकवताय व्हय?

रंकाळा_राउंड:
विषय सेटचा होता ओ.

शिरोळची_आक्का:
तुम्ही गप बसा, तुमच्यामुळंच हे सगळं चालू झालंय.

जुनं_बाड:
मूळ मुद्द्यावर येतो. ते ४३० नुसत्या क्रियापदाचे, आणि नाम पण धरलं तर सेट हा एक शब्द नाहीच. 'ठेवणे' अर्थाचा सेट हा जुन्या इंग्रजीतला, 'सिट'चं प्रयोजक रूप, आपलं बसणं-बसवणं तसंच. संच ह्या अर्थाचा सेट मात्र फ्रेंचमधून आला, त्याचं मूळ लॅटिन 'सेक्टा', म्हणजे अनुयायांचा गट. पंथाला 'सेक्ट' म्हणतात तो ह्याच घरचा. स्पेलिंग एक झालं आणि दोघं एकमेकांत मिसळले. ह्या हिशेबानं आपला 'कर' धरा, हात पण, सरकारचा कर पण, आणि 'काम कर' पण.

उसातला_कोल्हा:
आणि उसाच्या बेण्याला इंग्रजी पुस्तकात 'सेट' म्हणतात, फक्त शेवटी टी दोन. आमचे आबा त्याला दोन डोळ्यांचं टिपरं म्हणायचे. टिपरं म्हणलं की शेतातल्या बारक्या पोराला पण कळतं कुठं तोडायचं.

रंकाळा_राउंड:
बरं बाबा, मराठी भिकारी नाही. मध्यमवर्गीय आहे. खूश? पोस्ट काढणार नाही, अंगठे आता चाळीस झालेत. आणि पोरगी पण इंग्लिश मीडियमलाच जाणार, फी भरून झालीय.

उसातला_कोल्हा:
माझा पण तिथंच आहे, तो वेगळा विषय.

गुजरीतला_सोनार:
आक्का, रागावू नका. साजाचा फोटो टाका, मी बघून सांगतो.

शिरोळची_आक्का:
फोटो टाकत नाही. आत्ता परत मोजली, १६ आहेत. एक पान दोऱ्यात उलटं अडकलं होतं. तरी पण २१ नव्हं.