रूट असलं तरी अपडेट घेता येतं, डेटा न पुसता

अँड्रॉइड फोन रूट केला (म्हणजे त्याच्या सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवला) की ‘कंपनीचं अपडेट विसरा, नाहीतर फोन पूर्ण पुसा’ असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. अँड्रॉइड ५ पासून अपडेट बसण्याआधी पार्टिशन (स्टोरेजचा सिस्टीमसाठीचा भाग) ब्लॉक पातळीवर, म्हणजे तुकड्यातुकड्याने, तपासलं जातं, म्हणून बूट इमेज (फोन सुरू करणारी फाईल) रूटसाठी बदललेली असेल तर अपडेट अडतं. दोन स्लॉटवाल्या (सिस्टीमच्या दोन प्रती ठेवणाऱ्या) फोनवर मॅजिस्क या रूट करायच्या ॲपमधून ‘रिस्टोअर इमेजेस’ करा, म्हणजे मूळ इमेज परत येते, रीबूट न करता अपडेट घ्या, ते बसलं की ‘रीस्टार्ट’ न दाबता पुन्हा मॅजिस्कमध्ये जाऊन इनॅक्टिव्ह (सध्या वापरात नसलेल्या, अपडेट बसलेल्या) स्लॉटवर मॅजिस्क इन्स्टॉल करा. मगच रीबूट.

मी मधेच रीस्टार्ट दाबलं आणि रूट गेलं. इथवर ठीक होतं. पण मग रात्री घाईत जुन्या बिल्डची (अपडेटआधीच्या आवृत्तीची) पॅच केलेली, म्हणजे मॅजिस्कने बदललेली, बूट इमेज फोनवर फ्लॅश केली (चढवली), आणि फोन लोगोवरच अडकला. सकाळी डोंबिवलीहून निघायचं, लोकलचा पास त्याच फोनमध्ये! शेवटी नव्या बिल्डच्या फर्मवेअरमधली (कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली) मूळ बूट इमेज फास्टबूटने (लॅपटॉपवरून फोनवर इमेज चढवायच्या साधनाने) टाकली, सगळा डेटा शाबूत राहिला. त्यामुळे नेमक्या त्याच बिल्डची इमेज आधीच लॅपटॉपवर उतरवून ठेवा. मूळ अँड्रॉइड १३ सह आलेल्या बऱ्याच फोनांत ‘इनिट बूट’ ही वेगळी इमेज पॅच करावी लागते, ‘बूट’ नव्हे, तेही तपासा.