स्टेशनरीतला 'ए' आणि 'ई'

आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याने परवा पाटी नव्याने रंगवून घेतली. पेंटरने 'स्टेशनरी'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या 'आर'आधी 'ई'ऐवजी 'ए' काढला. माझी आठवीतली लेक म्हणाली, "काका, याचा अर्थ जागचं न हलणारं!" काका शांतपणे म्हणाले, "मग माझं दुकान हलतंय कुठे?" उच्चार एकच, अर्थ मात्र एकीकडे वह्या-पेनं, दुसरीकडे स्थिर. दोघांचं काही नातं आहे का?

—

काका नेमकं बोलले! मध्ययुगीन युरोपात बरेच विक्रेते माल घेऊन गावोगाव फिरत. पुस्तकविक्रेते मात्र विद्यापीठांजवळ ठाण मांडून बसत, म्हणून लॅटिनमध्ये ते 'स्टेशनारियस'. इंग्रजीत त्याचा 'स्टेशनर' झाला. लंडनमधल्या त्यांच्या संघाला, स्टेशनर्स कंपनीला, १५५७ साली राजसनद मिळाली. बेकरची बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी, आणि त्याच्यातला 'ई' तिच्यातही आला. शाळेत 'एन्व्हलपचा ई' असं घोकवतात, पण मला दुकानदार लक्षात ठेवणं सोपं जातं. 'ए'वालं ते विशेषण, उभ्या गाडीला लावायचं.

मुळाशी 'उभं राहणे' हा अर्थ आहे आणि तो धातू आपल्या 'स्था'चा सख्खा नातलग. स्थिर, स्थावर, स्थानक सगळे त्यातलेच. वर मी लिहिलेलं 'ठाण'सुद्धा 'स्थान'चंच रूप. ठाण्याचं नाव शिलाहारांच्या लेखांत 'श्रीस्थानक' असं येतं. म्हणजे १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली गाडी ठाणे स्टेशनात आली, तेव्हा एकच धातू दोन वेशांत फलाटावर उभा होता!

—

आणि प्रिन्सिपल? त्यात मी हमखास अडकतो.

—

तेही एकाच घरचे, लॅटिनमधल्या 'पहिला'पासून आलेले. कॉलेजचे प्राचार्य आणि कर्जाची मुद्दल 'ए-एल'वाले, तत्त्व तेवढं 'एल-ई'वालं. कॉम्प्लिमेंटचं तसंच: 'आय'वाली स्तुती, 'ई'वालं पूरक. हॉटेलातला फुकटचा नाश्ता 'आय'वाला, हे मेनूकार्ड छापणाऱ्यांना कोणीतरी सांगा.

इंग्रजीला नावं ठेवण्याआधी आपले ऱ्हस्व-दीर्घही बघावेत. पाणि म्हणजे हात, पाणी म्हणजे जल. ५ सप्टेंबरला 'शिक्षक दीनाच्या शुभेच्छा' वाचून आमचे एक सर म्हणाले होते, "पगार बघून लिहिलंय वाटतं."

—

काकांना सगळं वाचून दाखवलं. खूश झाले. 'ए' मात्र दिवाळीपर्यंत राहणार, पेंटर आधीच पैसे घेऊन गेलाय.