मेकॅनिकलनंतर एरोस्पेसला एमटेक: गेटला एमई (मेकॅनिकल) पेपर द्यावा की एई (एरोस्पेस)?

रंकाळाकाठ:
शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आयआयटीत एरोस्पेस करायचंय. एमई पेपर चालतो का? आणि सीओएपीला (आयआयटींच्या ऑफर एकत्र दाखवणाऱ्या पोर्टलला) नोंदणी केली की सगळीकडं अर्ज जातो का?

शिरोली_एमआयडीसी:
दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण पोरं इथंच फसतात. नाही जात. सीओएपीवर फक्त ऑफर दिसते आणि तुम्ही तिला उत्तर देता. अर्ज प्रत्येक आयआयटीच्या पोर्टलवर वेगळा, फी वेगळी, शेवटची तारीख वेगळी. 'रिटेन अँड वेट' केलं की हातातली ऑफर राहते, 'रिजेक्ट अँड वेट' केलं की ती गेली. मुदतीत काहीच निवडलं नाही तरीही गेलीच. टीए (टीचिंग असिस्टंटशिप) जागेला दरमहा 12,400 रुपये मिळतात, स्वखर्चाच्या जागेला नाहीत. ऑफरमधला प्रकार नीट वाचा. आणि सीजीपीएचे टक्के मनानं 9.5 नं गुणून लिहू नका, विद्यापीठाचंच सूत्र वापरा.

मॅक_पॉइंट_थ्री:
पेपरचं सांगतो. एमईच्या स्कोअरवर बऱ्याच ठिकाणी एरोस्पेसला अर्ज करता येतो, पण स्पेशलायझेशन बघून. आयआयटी मुंबईत एरोडायनॅमिक्स, डायनॅमिक्स अँड कंट्रोल, प्रोपल्शन आणि स्ट्रक्चर्स अशा चार शाखा आहेत. कुठल्या शाखेला कुठला पेपर चालतो ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघ. एमईसोबत दुसरा पेपर म्हणून एई घेता येतो. स्कोअर तीन वर्षं चालतो.

एईत अडतं ते फ्लाइट मेकॅनिक्स, स्पेस डायनॅमिक्स आणि कॉम्प्रेसिबल फ्लोमध्ये (घनता बदलणाऱ्या प्रवाहात). मेकॅनिकलवाले सवयीनं सगळीकडं बर्नुलीचं समीकरण लावतात, जे घनता बदलत नाही असं धरतं. हवेसाठी मॅक 0.3 ला (ध्वनीच्या वेगाच्या 0.3 पट वेगाला) घनता स्टॅग्नेशनपेक्षा, म्हणजे प्रवाह थांबवल्यावरच्या घनतेपेक्षा, सुमारे 4.4 टक्केच कमी असते, तिथं खपून जातं. मॅक 0.8 ला ती सुमारे 26 टक्के कमी होते, उत्तर साफ चुकतं. नॉझल चोक झालं (घशात वेग ध्वनीइतका झाला) की तिथला दाब स्टॅग्नेशनच्या 0.528 पट, हा आकडा तोंडपाठ हवाच.

रंकाळाकाठ:
स्ट्रक्चर्स घेतलं तर एमईवर भागेल?

मॅक_पॉइंट_थ्री:
अभ्यासाच्या बाजूनं सगळ्यात सोपा रस्ता तोच, भावा. एसओएम (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स) आणि व्हायब्रेशन्स तुझं झालेलंच असतं. वर शिअर फ्लो, शिअर सेंटर (जिथून भार गेला की सेक्शन पिळत नाही तो बिंदू) आणि पातळ भिंतीच्या बंद सेक्शनचं टॉर्शन एवढं कर. शिअर सेंटर सेंट्रॉइडवरच असतो हे गृहीत धरू नकोस, चॅनल सेक्शनला तो वेबच्या (उभ्या पट्टीच्या) बाहेर पडतो.